वानवळ्याचं भाडं

उन्हाळ्यातली कोथिंबीर कुणासाठी थांबत नाही. उपटल्यावर लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला नेली नाही तर ती मान टाकते, आणि मान टाकलेल्या कोथिंबिरीकडे धायरी फाट्यावरचं गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही. त्या सकाळी कांताबाई असाच ओला भारा डोक्यावर घेऊन रानातून परतली आणि वाटेवर काल नव्हतं ते फाटक आज आडवं दिसलं. लाल-पांढरा दांडा, बाजूला पत्र्याची खोली, वर कॅमेरा.

खोलीतून पोरगेलासा वॉचमन बाहेर आला. अंगातला गणवेश त्याच्यापेक्षा दोन माप मोठा होता.

"मावशी, नोंद करावी लागंल. नाव, कुठं चालला, कशासाठी."

"कुठं चालले? घरी चालले. मागं दिसतंय ते माझं रान हाय, म्होरं दिसतंय ते माझं गाव हाय. मधी तू कोण?"

"मी उत्तरेश्वर," तो म्हणाला. खरंच विचारलंय असं त्याला वाटलं.

ही वाट पूर्वी मुलाण्यांच्या रानातून जायची. जब्बार मुलाणी वारला, त्याचा मुलगा फैझल याने रान कंपनीला विकलं, आणि आता तिथे चार उंच इमारती उभ्या होत्या. पलीकडे ओढ्याकाठी कांताबाईचा आणि भावकीतल्या आणखी तीन घरांचा तुकडा तेवढा हिरवा राहिला होता. वतनाची जमीन, वतनं गेल्यावर नव्याने नावावर झालेली. त्या तुकड्याकडे जायला ही एकच धड वाट होती.

गलका ऐकून कंपनीचा मॅनेजर सौरभ आला. बोलायला अगदी मऊ. "मावशी, टेन्शन घेऊ नका. तुम्हाला आम्ही पास देतोय. फ्री आहे. दर महिन्याला फक्त एक सही. अहो, तुमच्याच सेफ्टीसाठी."

"आणि सही न्हाई केली तर?"

"तर मग कॅनॉलच्या बाजूनं रस्ता आहे ना," सौरभ तितक्याच मऊपणे म्हणाला.

कांताबाईच्या डोक्यावरून पाणी मानेवर ठिबकत होतं, त्यात मातीही होती. पेन पुढे आलेलं होतं. तिने ते घेतलं नाही. भाऱ्यासकट मागे वळली आणि कालव्याच्या कडेने, वेड्या बाभळी चुकवत, मोठा वळसा घालून फाट्यावर पोचली. तोवर कोथिंबिरीचा पार पाला झाला होता. एक बाई जुडी उचलून हुंगून परत ठेवत म्हणाली, "कालची दिसतेय." या अपमानाची तक्रार कुठल्या कचेरीत करायची, हे कुणीच सांगू शकत नाही.

घरी संजयने सगळं ऐकलं. तो कांताबाईचा मुलगा, शाळेची बस चालवायचा. "आई, फुकटचा पास हाय. घे ना. सही केल्यानं काय झिजणार हाय?"

"तुझ्या घरात यायला तू रोज सही करतोस का?"

"म्हंजे आता त्यांच्यासंगं भांडायचं? त्यांचे वकील बघितले का?"

कोपऱ्यात सासरे तात्याराव विळ्याला धार लावत बसले होते. वय ऐंशीच्या पुढचं, पण अजून रोज रानात जाणार. विळा दगडावर जोरात घासला जाऊ लागला.

पुढच्या रविवारी बुद्धविहाराच्या ओसरीवर पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या प्राध्यापिका आल्या. आम्रपाली मॅडम. राहायला नारायण पेठेत, पायात धुळीने भरलेल्या चपला, बोलणं तुटक. वस्तीतल्या कुणीतरी त्यांना कळवलं होतं. त्यांनी आपलं काम सांगितलं तेव्हा कांताबाईला हसू आलं.

"संशोधन? बाई, आमच्यावर लई झालंय संशोधन. कुणी संडास मोजून गेलं, कुणी दात मोजून गेलं. लिवून नेतात, पुस्तक छापतात, आमच्या हातात काय? चहाचे रिकामे कप."

"बरोबर आहे," आम्रपाली म्हणाल्या. "मीही असे कप रिकामे केलेत. म्हणून या वेळी उलटं करू. प्रश्न तुम्ही ठरवायचा. उत्तर मिळवायला काहीतरी करून बघायचं, तेही तुम्हीच. दर रविवारी इथं बसायचं, काय झालं ते सांगायचं आणि पुढं काय करायचं ते ठरवायचं. कायद्याची बाजू मी बघते. याला आमच्याकडं कृती संशोधन म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे."

"आणि निकाल लागला न्हाई तर?"

"तर तुमच्याबरोबर मीही तोंडावर पडेन. मला त्याची सवय आहे."

हे कांताबाईला आवडलं. न पडणाऱ्या माणसांचा तिला कंटाळा होता.

प्रश्न ठरला: आपली वाट आपली आहे, हे कसं टिकवायचं? मग आम्रपालींनी पासाची मेख उलगडून सांगितली. पिढ्यान्‌पिढ्या हक्काने, उघडपणे, कुणाला न विचारता वापरलेली वाट कायदा तुमची मानतो. पण एकदा का परवानगी मागून जायला लागलात, की तो हक्क राहत नाही, मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी दुसऱ्या दिवशी काढून घेता येते. "तो पास फुकट नाही," त्या म्हणाल्या. "फार महाग आहे."

संजय खाली बघत होता. आपल्यापुरता पास त्याने सही करून आधीच घेतला होता, तो खिशातच होता. त्याने तो काढला, फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत ते न कळून परत खिशात घातले.

मग रोजचं काम सुरू झालं. चारही घरांतल्या बायका-बाप्ये उजाडता फाटकाशी जायचे आणि सही न करता पलीकडे निघायचे. पहिल्या आठवड्याने एवढं शिकवलं, की बाप्या एकटा गेला तर उत्तरेश्वर तोंड फिरवतो, पण बाई एकटी, त्यातून डोक्यावर भारा, तर हटकून दांडा खाली येतो. रविवारी हे ओसरीवर निघालं तेव्हा बायकांनी ठरवलं, एकटीने जायचंच नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या मिळून निघाल्या. डोक्यावरचे भारे एकमेकींना घासत होते, पाणी ठिबकत होतं, आणि दांड्यासमोर कुणी थांबलंच नाही. दांडा वर गेला. उत्तरेश्वर पुटपुटला, "माझी नोकरी घालवताय मावशी."

"तुझ्या आईलापण असंच आडवतेत का रं तुमच्या गावाला?" कांताबाईने विचारलं. तो धाराशिवकडचा होता. त्यानंतर तो खोलीतून बाहेर येईनासा झाला.

कंपनी काही हात बांधून बसली नव्हती. एका सकाळी वाटेवर आडवा चर खणलेला निघाला, कमरेइतका खोल, पाइप टाकायचे म्हणून. पाइप आले नाहीत. तात्याराव काठी टेकत चरात उतरले आणि वर येताना पाय घसरून गुडघ्यावर आपटले. कांताबाईने त्यांना काखेत हात घालून ओढून काढलं. ओढताना तिच्या कमरेत जी चमक भरली ती महिनाभर गेली नाही. खुरपायला बसली की उठता येईना, उठली की वाकता येईना. वाफ्यात पाणी सोडताना दारं धरायला संजय सुट्टी काढून यायला लागला. पहिल्यांदा त्याच्या हाताला फावड्याचे फोड आले. ते बघून कांताबाईला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

चर खणल्यावर आम्रपालींनी तहसीलदारांकडे अर्ज घातला: रानाकडची वहिवाटीची वाट अडवली आहे, अडथळा काढून द्यावा. बाजू भक्कम होती. आम्रपाली त्या दिवशी ओसरीवर चक्क दोन कप चहा प्यायल्या.

आणि मग कंपनीचं उत्तर आलं.

ते वाचताना त्यांचा आवाज सावकाश होत गेला. कंपनीचं म्हणणं होतं, की ही माणसं हक्काने जात नव्हतीच. परवानगीने जात होती आणि त्या परवानगीचं भाडं भरत होती. पूर्वी मुलाण्यांना, आता कंपनीला. भाडं म्हणजे भाजी. कॅमेऱ्यात दिसतंय, सदर म्हातारे गृहस्थ नियमितपणे फाटकावर भाजीच्या जुड्या देतात.

सगळे तात्यारावांकडे वळले.

"व्हय, देतो," तात्याराव म्हणाले. "त्या पोराला. एकटा ऱ्हातोय, वरणभात खातोय. रानात काय निगालं तर वानवळा द्यायचा न्हाई?"

वानवळा कुणाला ठाऊक नाही? रानात नवं काही आलं की विकायच्या आधी शेजारीपाजारी थोडं थोडं पोचवायचं, मेथी, गवार, शेंगा, जे असेल ते. त्याची किंमत कुणी करत नाही. किंमत करायला वकील लागतो.

"तात्या," आम्रपाली म्हणाल्या, "ही जाणूनबुजून मारलेली मेख आहे. निकाल लागेपर्यंत तूर्त वानवळा बंद ठेवा. कुणालाच देऊ नका. म्हणजे बोट ठेवायला जागा राहणार नाही."

तात्यारावांनी काठीच्या मुठीवर हात चोळला. मग बोलले ते आम्रपालींशी नव्हे, कांताबाईशी.

"कांता, तुला ठावं न्हाई. मी चड्डीत होतो तवाची गोष्ट. त्या वाटंनं जायचं तर माझा बा बांधावर उभा ऱ्हाऊन हाळी द्यायचा, येऊ का म्हणून. कुणी ये म्हणलं तर पाय टाकायचा. न्हाईतर उनात उभा. मग आमी दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी बा निगाला तो हाळी न देता, छाती काढून. कुणी काय बोललं न्हाई. त्याच साली आमच्या रानात गवार आली. बानं टोपली भरली अन् जब्बारच्या बाच्या दारात नेली. तवर आमाला दिलेलं हातावर वरनं पडायचं, आमच्या हातचं कुणी घेत नव्हतं. त्यानं घेतली. आठ दिसांनी अंजिरं पाठवली. बा ती अंजिरं हातात घेऊन रडला." ते थांबले. "वानवळा बरोबरीचा माणूस देतो. आता तुमी म्हणताय, बरोबरी बंद ठेवा. वाट मिळवायसाठी?"

आम्रपालींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि घातला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पण मग त्यांना उत्तर काय द्यायचं?"

"ह्येच द्यायचं," कांताबाई म्हणाली. "वानवळाबी बंद न्हाई अन् विचारणंबी न्हाई. दोन्ही न्हाई."

पण तात्यारावांच्या शब्दाला दुसऱ्या बाजूची साक्ष हवी होती. ज्यांच्या रानातून वाट गेली त्या घरातलं एकच माणूस जुनं उरलं होतं, जब्बारची बायको रशीदा. दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाई गावठाणात तिच्या घरी गेली. रशीदाचाची दारात तांदूळ निवडत बसली होती. सुपातले हात थांबले नाहीत.

"कशाला आलीस ते कळलंय मला. फैझल कंपनीला वाळू घालतो, कांता. मी बोलले तर उद्या त्याचं काम जाईल. नातवंडं आहेत घरात."

"मी काय मागाय आले न्हाई, चाची. सांगाय आले. गुरुवारी साहेब वाटंवर येणार हायत. तुमच्या घरानं आमच्याकडनं भाडं घेतलं, असं तिथं म्हणणार हायत. जब्बारचाचाच्या नावानं."

सुपातले हात थांबले.

"भाडं?"

"भाजीचं."

रशीदाचाचीने सूप बाजूला ठेवलं. कांताबाईने जास्त ओढलं नाही. चहा न घेता उठली. अंगण ओलांडताना आतून फैझलचा चढलेला आवाज तिच्या कानावर आला.

गुरुवारी तहसीलदार स्थळपाहणीला आले. ऊन सणसणीत होतं. चारही घरं हजर होती, टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. तात्यारावांनी पहाटेच मेथी काढली होती. साहेब गाडीतून उतरले तशी त्यांच्या हातात एक जुडी दिली. शिपायाला एक दिली. आम्रपालींना दिली. कंपनीच्या वकिलांना दिली, त्यांनी ती हसत आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. आम्रपालींनी फक्त एकदा डोळे मिटून घेतले. साहेबांनी जुडी शिपायाकडे सोपवली आणि चर बघायला निघाले.

चर बघून झाला, दांडा बघून झाला. मग वकील तात्यारावांकडे वळले. गोड आवाजात, आजोबा आजोबा करत.

"आजोबा, मुलाण्यांना भाजी देत होता ना?"

"देत व्हतो."

"त्यांच्या रानातून जात होता, म्हणून देत होता?"

तात्यारावांना खोटं बोलता येत नसे. "जाता-येता त्येंचंच घर पयलं लागायचं. त्येंच्या रानातनं जायाचो, तर त्येंना न्हाई तर कुणाला देणार?"

"नोंद घ्यावी, साहेब," वकील म्हणाले. "आणि आता कंपनीच्या माणसाला देता. भाडं नियमित आहे. परवानगी होती, ती कंपनी मागे घेते आहे. वाद संपला."

साहेब लिहायला लागले. सौरभ मोबाइलवर काहीतरी टाइप करू लागला, म्हणजे काम झालं. संजयने आईचा दंड धरला. कांताबाईच्या कमरेतली चमक डोक्यापर्यंत गेली. ती पुढे आली.

"साहेब, मी बोलू का?"

"बोला."

"वकीलसाहेब, मामांनी आत्ता तुमच्या हातात मेथीची जुडी दिली. तुमी घेतली, गाडीत ठेवली. आता मला सांगा, तुमच्या घरातनं माझी वाट कुठनं जाती? सैपाकघरातनं का हॉलमधनं?"

गॅलरीतून कुणीतरी खिदळलं. वकील हसले, पण हसू ओठांपर्यंतच आलं. "बाई, ही चेष्टेची जागा नाही. एक जुडी आणि वर्षानुवर्षांचा रिवाज यात कायद्याने फरक आहे."

"फरक आहे," आम्रपाली म्हणाल्या. "रिवाज दोन्हीकडून होता का, एवढंच विचारा. भाडं एका बाजूनं जातं. वानवळा दोन्हीकडून येतो. साहेब, त्या घरातलं माणूस हजर आहे."

सगळे मागे वळले. चरापलीकडून रशीदाचाची येत होती. एका हाताने तिने साडीचा पदर डोक्यावर धरला होता, दुसरा हात फैझलच्या खांद्यावर होता. फैझलचं तोंड कडू झालेलं होतं, पण तो आईला सांभाळून चालवत होता. चराच्या काठाशी तो थांबला, खाली उतरला आणि आईला दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवलं.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"रशीदा जब्बार मुलाणी. हे रान माझ्या सासऱ्याचं." तिला धाप लागली होती. "मी नवरी होऊन आले तेव्हा रानात नांगर चालला होता. इथवर आला की गडी नांगर उचलायचा, ही पट्टी सोडायचा आणि पलीकडे परत लावायचा. मी सासऱ्यांना विचारलं, एवढी जागा वाया का घालवता? ते म्हणाले, वाया नाही, ती त्यांची आहे, आपला फाळ तिच्यावर जायचा नाही. माझ्या मालकानं तेच केलं. ट्रॅक्टर आला तरी तेच. परवानगी आम्ही कधी दिली नाही, साहेब. आमची असती तर दिली असती. अंजीर मात्र पाठवायचे, मीच निवडून भरायचे." मग ती वकिलांकडे वळली. "माझा मालक भाजीचं भाडं खाणारा नव्हता. ते तुमच्या कागदातून काढून टाका."

वकिलांनी फैझलकडे बघितलं. "फैझलभाई, तुम्ही तर लिहून दिलंय, वाट परवानगीची होती म्हणून."

फैझलने चराकडे बघितलं. "अम्मी सांगते ते खरं आहे," तो म्हणाला. "मीपण नांगर उचललाय."

सौरभचं टायपिंग थांबलं.

तहसीलदारांनी सगळं लिहून घेतलं, अंगठे-सह्या झाल्या. निकाल यथावकाश कळवू, म्हणाले. मग टोपी सारखी करत, जाता जाता सांगावं तसं सौरभला म्हणाले, "तोवर चर बुजवा आणि हा दांडा वर ठेवा. कुणाची सहीबिही घ्यायची नाही."

"सर, तात्पुरतं फक्त रजिस्टर एंट्री..."

"नाही म्हटलं ना."

माणसं पांगायला लागली. यथावकाश म्हणजे किती, हे आम्रपालींना चांगलं माहीत होतं. त्या कांताबाईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "निकाल उलटा गेला तर वर अपील करावं लागेल. वर्षं जातील. थकायला होईल."

"रविवारी बसू की," कांताबाई म्हणाली. "ठरवू."

तेवढ्यात वकील आपल्या गाडीशी गेले. मागचं दार उघडून त्यांनी मेथीची जुडी काढली, भर उन्हातून चालत आले आणि ती कांताबाईसमोर धरली. आम्रपाली आणि संजय सोडले तर जवळ कुणी नव्हतं, तरी ते हळूच बोलले.

"ही तुमची परत घ्या. उगाच पुढे कुणी काही अर्थ काढायला नको."

कांताबाईने जुडीकडे बघितलं. पानं अजून ताजी होती. तिने हात मागे घेतले.

"वानवळा परत घेत नसतेत साहेब. घरी न्या, लसूण घालून करा."

"अहो, पण..."

"अन् आवडली तर पुना देईन. त्यासाठी तुमाला माझी परवानगी लागायची न्हाई."

तिने वाकून बाजूला सावलीत ठेवलेला कोथिंबिरीचा ओला भारा उचलला. कमरेत कळ आली, तिने ओठ चावला आणि संजयला हात लावू दिला नाही. भारा डोक्यावर बसला तसं पाणी मानेवरून पाठीत उतरलं. दांडा वर होता. वकील हातात जुडी घेऊन वाटेच्या मधोमध उभे होते.

"सरका," कांताबाई म्हणाली.

ते सरकले.